मिग मशीन आणि टॉर्च: गावच्या वर्कशॉपसाठी काय घ्यावं, कसं तपासावं

मिग म्हणजे रिळावरची वायर हातातल्या टॉर्चमधून आपोआप पुढे येऊन गॅसच्या आवरणाखाली वितळते, ते वेल्डिंग. मिग मशीनची खरेदी बहुतेक वेळा डब्यावर छापलेल्या एका आकड्यावर होते: २०० की २५० अँपिअर. पण मशीन प्रत्यक्षात किती अँपिअर देणार हे तीन गोष्टी ठरवतात. तुमच्या बोर्डावर येणारं व्होल्टेज, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधलं तापमान आणि हातातला टॉर्च. म्हणून आधी काम बघा, मग लाईन मोजा, मग टॉर्च आणि गॅस ठरवा. मशीनचा नंबर शेवटी येतो. या क्रमाने गेलं की पैसे योग्य जागी लागतात आणि मशीन भर हंगामात बसत नाही.

रोजचं काम किती जाडीचं

साध्या लोखंडाला दर मिमी जाडीमागे सुमारे ४० अँपिअर लागतात. हा हिशेब ५ मिमीपर्यंत चांगला चालतो. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा पत्रा ५० अँपिअरवर जोडतो. गेट-ग्रिलचा १६ गेजचा चौकोनी पाईप ६५ वर, ट्रॉलीच्या फाळक्याचा ३ मिमी पत्रा १२० वर. ट्रॉलीच्या चेसीला लागणाऱ्या १०० बाय ५० चॅनलचा मधला पडदा साधारण ५ मिमी आणि कडा ७ ते ८ मिमी असतात. तिथे १८० ते २०० लागतात. त्याहून जाड माल आला तर कड तिरपी घासून दोन-तीन फेऱ्यांत भरता येतो, त्यासाठी ४०० अँपिअरचं मशीन घ्यायची गरज नाही.

गेट, ग्रिल, शेडच्या कैच्या, ट्रॉलीची दुरुस्ती, पेरणी यंत्राची फ्रेम एवढं काम असेल तर २०० अँपिअर खऱ्या अर्थाने देणारं मशीन पुरतं. रोज नव्या ट्रॉल्या बांधायच्या असतील किंवा जिनिंग आणि राईस मिलची जड कामं घ्यायची असतील, तरच ३५०-४०० च्या थ्री फेज मशीनचा विचार करावा.

काही कामं मिगची नाहीतच. वखराची पास, नांगराचा फाळ, रोटाव्हेटरची पाती, कमानपाट्याचा तुकडा यांत कार्बन जास्त असतो. त्यांवर साध्या वायरने वेल्ड मारला तर तो दिसतो सुंदर, पण शेजारचं लोखंड झपाट्याने थंड होऊन कडक आणि ठिसूळ होतं आणि वावरात पहिल्या दगडाला वेल्डच्या कडेने तुटतं. तिथे भाग २०० ते २५० अंशांपर्यंत तापवून, ७०१८ नंबरचा कोरडा वेल्डिंग रॉड वापरून, मग राखेत किंवा चुन्यात दाबून हळू थंड करावा लागतो. पंपाचं बिडाचं केसिंगही मिगच्या साध्या वायरने धरत नाही. म्हणून मिगसोबत रॉड चालवण्याची सोय असलेलंच मशीन घ्यावं. कास्तकार अवजार घेऊन दारात उभा राहतो तेव्हा दोन्ही हाताशी असावं लागतं.

लाईन किती देते ते मोजा

खरेदीच्या आधी एक साधा मल्टिमीटर घेऊन दोन दिवस बोर्डावरचं व्होल्टेज लिहून ठेवा: सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी सात ते नऊ. रिकाम्या लाईनचा आकडा फसवा असतो. मोठा ग्राइंडर किंवा कटर चालू ठेवून मोजलेला आकडा धरा. गावात संध्याकाळी २३० चे १९० होतात, फीडरच्या शेवटच्या टोकाला त्याहूनही खाली जातात.

आता मशीन किती ओढणार ते पाहू. २०० अँपिअरला मिगचं काम साधारण २४ व्होल्टवर होतं. २४ गुणिले २०० म्हणजे ४८०० वॉट. इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या इन्व्हर्टर मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली की ५६५० वॉट. सिंगल फेज मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामाला लागणारा वाटा) ०.७ च्या आसपास असतो, म्हणजे लाईनीतून ओढ ८ केव्हीए, म्हणजेच ८००० व्होल्ट-अँपिअर. २३० व्होल्टला हे ३५ अँपिअर झाले. व्होल्टेज १८० वर आलं तर तेवढ्याच कामाला ४४ अँपिअर लागतात. तेव्हा मशीन एकतर स्वतःला आवरून कमी देतं किंवा दिवा लावून बंद पडतं. कमी व्होल्टेजने मशीन जळतं असं म्हणतात, ते यामुळेच. व्होल्टेज घसरतं तसा आतल्या स्विचिंग भागावरचा करंट वाढतो.

वायरिंगचं नुकसान यात मिळवा. मीटरपासून मशीनपर्यंत ३० मीटर अंतर असेल आणि तांब्याची २.५ चौरस मिमी वायर टाकली असेल, तर ३५ अँपिअरला साडेपंधरा व्होल्ट वाटेतच जातात. ४ चौरस मिमीला साडेनऊच्या पुढे, ६ चौरस मिमीला साडेसहा. गावात ६ चौरस मिमीच टाकावी. जादा पैसे एकदाच लागतात. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर मशीन लावू नये. ३ मिमीच्या कामालाच लाईनीतून १७-१८ अँपिअर जातात, पिना तापतात आणि सॉकेट वितळतं. ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट, तेवढ्याच ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी आणि जमिनीत पुरलेलं खरं अर्थिंग, एवढं किमान हवं. वायरचं गुंडाळं पूर्ण उलगडूनच वापरावं. गुंडाळलेली वायर आतून तापून इन्सुलेशन सोडते.

शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच मिळते, तीही बऱ्याच ठिकाणी पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. त्या भरवशावर थ्री फेज मशीन घेऊ नये. शिवाय शेतीपंपाच्या कनेक्शनवर दुकानाचं मशीन चालवणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्याची आकारणी होते. वर्कशॉपचं वेगळं कनेक्शन घ्या आणि मंजूर भार मशीनच्या ओढीला पुरतो का ते महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

जनरेटरवर चालवायचं असेल तर ८ केव्हीए ओढीला १० ते १२.५ केव्हीएचा, स्वयंचलित व्होल्टेज नियंत्रण असलेला जनरेटर लागतो. पाच केव्हीएच्या जनरेटरवर १००-११० अँपिअरच्या वर जाऊ नये. स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर सर्व्हो प्रकारचा आणि १० केव्हीएचा घ्यावा. लहान स्टॅबिलायझर स्वतःच व्होल्टेज पाडतो.

पंचेचाळीस अंशांत अडीचशेचं काय होतं

प्रत्येक मशीनच्या पाटीवर ड्युटी सायकल असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग, आणि चार मिनिटं विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त असतो. म्हणजे पाटीवरची सहा मिनिटं आपल्याकडे उन्हाळ्यात मिळत नाहीत.

दोन मशीनांची तुलना करताना दोन्ही एकाच टक्केवारीवर आणावी लागतात. पाटीवरच्या टक्केवारीला हव्या त्या टक्केवारीने भागा, त्याचं वर्गमूळ काढा आणि पाटीवरच्या अँपिअरला गुणा. समजा एका मशीनवर २५० अँपिअर, २५ टक्के लिहिलं आहे आणि दुसऱ्यावर २०० अँपिअर, ६० टक्के. पहिलं मशीन ६० टक्क्यांवर आणलं की १६१ अँपिअर उरतात. डब्यावर लहान दिसणारं दुसरं मशीन कामाला मोठं आहे. पाटीवर टक्केवारीच नसेल तर ते मशीन सोडून द्या, किंमत कितीही कमी असो.

आमचा नियम असा: रोजच्या सगळ्यात जाड कामाला जेवढे अँपिअर लागतात त्याच्या सव्वापट आकडा पाटीवर ६० टक्क्यांवर दिसला पाहिजे. रोज १६० वर काम असेल तर ६० टक्क्यांवर २०० हवेत.

उष्णतेइतकाच त्रास धुळीचा. काळ्या मातीची बारीक धूळ, हंगामात उडणारी रुई आणि ग्राइंडरचा लोखंडी भुसा पंख्यातून आत जातो. रुई हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटीत अडकून हवा बंद करते. लोखंडी भुसा सर्किट बोर्डावर बसून शॉर्ट करतो आणि हा प्रकार जास्त घातक आहे. मशीन जमिनीपासून फूटभर उंच स्टँडवर ठेवा, मागे एक हात मोकळी जागा सोडा आणि ग्राइंडरच्या ठिणग्या मशीनच्या दिशेने कधीच जाऊ देऊ नका. महिन्यातून एकदा, हंगामात पंधरा दिवसांनी, प्लग काढून दहा मिनिटं थांबा म्हणजे आतले कपॅसिटर रिकामे होतील. मग दोन-तीन बारच्या कोरड्या हवेने आतून फुंकून काढा. हवेच्या नळीचं तोंड बोर्डाला टेकवू नका. मशीनवर जाळी किंवा कापड बांधून धूळ अडवण्याचा उपाय करू नये. त्याने हवाच अडते.

टॉर्च

खरेदीत सगळ्यात कमी लक्ष टॉर्चकडे जातं आणि रोजची कटकट सगळ्यात जास्त तिथूनच येते. सोबत फुकट आलेला टॉर्च बहुधा मशीनपेक्षा एक पायरी लहान असतो.

आधी जोडणी बघा. टॉर्च कायमचा मशीनला जोडलेला असेल, काढता येत नसेल, तर ते मशीन धंद्याला घेऊ नये. केबल गेली की मशीन बंद. युरो कनेक्टर असलेलं घ्या: त्यात वायर, गॅस, करंट आणि ट्रिगर एकाच गोल प्लगमधून जातात आणि कुठल्याही कंपनीचा टॉर्च बसतो. बाजारात पॅनासॉनिक पद्धतीचे टॉर्चही भरपूर आहेत, २००, ३५० आणि ५०० अँपिअरचे. ते मजबूत असतात, पण त्यांची ४५ मिमी लांब टिप (वायर जिथून बाहेर येते आणि जिथे तिला करंट मिळतो तो तांब्याचा तुकडा) आणि युरो टॉर्चची आखूड टिप एकमेकांच्या जागी बसत नाही. तुमच्या तालुक्याच्या दुकानात ज्याची टिप, नोझल (टिपभोवतीची, गॅस सोडणारी टोपी) आणि लायनर आज शेल्फवर आहे तोच टॉर्च घ्या. एका टिपसाठी नागपूर-अमरावतीची चक्कर पडायला नको.

युरो टॉर्चमध्ये तीन नंबर जास्त चालतात. एमबी १५ हा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसवर १८० अँपिअरचा, एमबी २५ हा २३० चा आणि एमबी ३६ हा ३०० च्या आसपासचा, तिन्ही ६० टक्के ड्युटीला. आर्गॉन मिश्रणावर हेच आकडे साधारण तीसने खाली येतात, कारण सीओटू टॉर्चला जास्त थंड ठेवतो. एमबी १५ हलका आहे, ग्रिलच्या आतल्या कोपऱ्यात हात नीट जातो आणि दिवसभर मनगट दुखत नाही. पण १६० वर सलग चॅनल जोडत राहिलात तर मूठ तापते, टिप सैल होते, वायर टिपलाच चिकटते. ट्रॉलीच्या कामाला एमबी २५ घ्या. एमबी ३६ थ्री फेज मशीनसाठी ठेवा. दोन्ही प्रकारची कामं असतील तर दोन टॉर्च ठेवणं सगळ्यात सोयीचं. युरो कनेक्टरवर बदलायला दोन मिनिटं लागतात.

लांबी ३ मीटर घ्या. दुकानदार ५ मीटरचा दाखवतो आणि तो सोयीचा वाटतो, पण ०.८ मिमीची वायर बारीक आणि लवचिक असते. पाच मीटर लायनरमधून ढकलताना ती रोलरपाशी वाकते आणि मशीनमधल्या वायर ढकलणाऱ्या फीडरमध्ये गुंता होतो. ट्रॉलीभोवती फिरायला अडचण होत असेल तर मशीनला चाकं लावा. ४ मीटरच्या पुढे जायचंच असेल तर १.० किंवा १.२ ची वायर वापरा.

लायनर म्हणजे केबलमधली स्टीलच्या तारेची नळी. रंगावरून माप कळतं: निळा ०.८ साठी, लाल १.० ते १.२ साठी, पिवळा १.२ ते १.६ साठी. लाल लायनरमध्ये ०.८ ची वायर चालवली तर ती आत नागमोडी होते आणि आर्क धक्क्याने येतो. नवा लायनर बसवताना टॉर्च जमिनीवर सरळ ताणून ठेवा, लायनर शेवटपर्यंत घाला आणि टिप होल्डरपर्यंत पोचेल असाच कापा. पाच मिमी आखूड कापला तरी त्या फटीत वायर अडखळते. कापलेलं टोक कानसीने गोल करा. दर १५ किलोच्या रिळानंतर लायनर काढून किंवा मागून हवेने फुंका. वायरवरचं तांबं सुटून आत भुकटी जमते.

टिप हा झिजणारा भाग आहे, तिच्यात काटकसर करू नये. भोक अंडाकृती झालं की वायरला करंट कधी मिळतो कधी नाही आणि आर्क थरथरतो. नवी टिप घेताना वायरचा वीतभर तुकडा आतून सरकवून बघा: मोकळा गेला पाहिजे, पण डुलता कामा नये. तांबं-क्रोम-झिर्कोनियमची टिप साध्या तांब्याच्या टिपपेक्षा जास्त टिकते, विशेषतः उन्हाळ्यात. टिप पान्ह्याने घट्ट करा. नुसत्या बोटांनी लावलेली टिप तापून सैल होते आणि आटे जाळते. बारीक पत्र्याच्या कामात टिप नोझलच्या तोंडाशी जवळपास समपातळीत ठेवावी.

नोझल साफ करायला टॉर्च जॉबवर, म्हणजे वेल्ड करायच्या लोखंडावर, आपटण्याची सवय मोडा. त्याने मान वाकते, आतलं इन्सुलेशन फुटतं आणि मग नोझललाच करंट येतो. पक्कड फिरवून शिंतोडे काढा आणि अँटी-स्पॅटर स्प्रे मारा. रंगकाम होणाऱ्या जॉबला सिलिकॉन नसलेला.

नकली टॉर्च ओळखायचा तर प्लग वजनाला किती भरतो, केबल हातात किती जड लागते ते बघा. आत तांबं कमी असलेली केबल हलकी असते आणि १५० वर दहा मिनिटांत कोमट न राहता गरम होते. प्लगवरच्या दोन ट्रिगर पिना दाबून बघा, स्प्रिंगने परत यायला हव्यात. गॅसच्या नळीवरची रबरी रिंग जागेवर आहे का ते पाहा. ती तुटली की गॅस फीडरमध्येच गळतो आणि वेल्डला भोकं पडतात. या एका रिंगेपायी लोक सिलेंडर बदलतात, रेग्युलेटर बदलतात आणि दोष तिथेच राहतो.

गॅस, हीटर आणि वारा

आपल्याकडे गावच्या कामाला शुद्ध सीओटू पुरेसा आहे. शिंतोडे जास्त उडतात, पण वेल्ड चांगला खोल जातो आणि रिफिल तालुक्याला मिळतो. आर्गॉन ८० टक्के आणि सीओटू २० टक्के हे मिश्रण बारीक पत्र्याला सुरेख, पण महाग. स्टीलच्या फर्निचरसारखं दर्शनी काम असेल तरच घ्या.

३० किलोच्या सिलेंडरमधून सुमारे १६,००० लिटर गॅस मिळतो. मिनिटाला १२ लिटर धरले तर बावीस तासांचा निव्वळ आर्क. किती उरला ते प्रेशर गेजवर कळत नाही: द्रव संपेपर्यंत काटा हलत नाही, आणि ३१ अंशांच्या वर तर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, तेव्हा काटा फक्त उन्हाचा अंदाज देतो. सिलेंडर वजन करूनच घ्या. रिकामं वजन मानेवर ठोकलेलं असतं. त्याच मानेवर हायड्रॉलिक चाचणीची तारीख असते. पाच वर्षांहून जुनी असेल तर सिलेंडर परत करा. सिलेंडरची परवानगी आणि नियम ज्या पेसो या केंद्रीय संस्थेकडे आहेत, तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. भरलेला सिलेंडर उन्हात ठेवू नका. २० अंशांना ५७ बार असलेला दाब ४५ अंशांना दुपटीच्या पुढे जातो. सावलीत, उभा, साखळीने बांधून ठेवा. आग विझवण्याच्या कामाचा, आत नळी असलेला सिलेंडर घेऊ नका, त्यातून गॅसऐवजी द्रव येतो.

सीओटू रेग्युलेटरला हीटर लागतोच, उन्हाळ्यातसुद्धा. दाब उतरताना गॅस इतका थंड होतो की रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो आणि प्रवाह कमी-जास्त होतो. हीटर ३६, ११० किंवा २३० व्होल्टचा असतो. मशीनच्या मागे कोणता सॉकेट आहे ते बघून त्याच व्होल्टचा हीटर घ्या. २३० चा हीटर ३६ च्या सॉकेटला लावला तर तो कधी तापतच नाही आणि महिनोन्‌महिने कोणाला कळत नाही. ३६ चा २३० ला लावला तर क्षणात जळतो.

फ्लो शेडमध्ये १० ते १२ लिटर ठेवा. २० च्या वर नेल्यास गॅस खळबळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो, मग जास्त गॅसमुळेच वेल्ड खराब होतो. ताशी ८ किलोमीटरच्या वर वारा गेला की गॅसचं आवरण उडतं, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी उघड्या अंगणात एवढा वारा सहज असतो. पत्र्याचा आडोसा करा, कूलर आणि पंखा जॉबवर सोडू नका. वावरात जाऊन काम करायचं असेल तर रॉड, किंवा बिनगॅसची फ्लक्स भरलेली वायर. या वायरला टॉर्च निगेटिव्हवर आणि अर्थ (जॉबला लावायचा क्लॅम्प) पॉझिटिव्हवर लागतो, साध्या वायरच्या उलट. म्हणून मशीनमध्ये ध्रुव बदलण्याची पट्टी किंवा प्लग आहे का ते खरेदीच्या वेळी उघडून पाहा. तिला दातेरी रोलरही वेगळा लागतो. साध्या रोलरवर ती चेपते.

आता मशीन

सिंगल फेजवर आयजीबीटी (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरणारा इन्व्हर्टर घ्या. टप्प्याटप्प्याने व्होल्ट बदलणारं जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असतं, गावचा मिस्त्रीही दुरुस्त करतो, पण लाईन पडली की त्याचं आउटपुटही तेवढंच पडतं. इन्व्हर्टर आपल्या मर्यादेत ते सांभाळून घेतो. इनपुटची मर्यादा पाटीवर वाचा आणि तुमच्या वहीतल्या सगळ्यात खालच्या आकड्याशी जुळवा.

फीडरला चार रोलर असलेले उत्तम. दोन रोलरवर चालेल, पण रोलर धरणारा भाग प्लॅस्टिकचा नसून धातूचा हवा. उन्हाळ्यात प्लॅस्टिक वाकतं आणि दाब सुटतो. १५ किलोचं रीळ आत बसलंच पाहिजे. फक्त १ किंवा ५ किलोचं रीळ घेणाऱ्या मशीनला वायर किलोमागे महाग पडते. वायर ईआर ७०एस-६ प्रकारची, ०.८ मिमी, तांब्याचा मुलामा असलेली. पावसाळ्यात रात्री रीळ काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. गंजलेली वायर लायनर आणि टिप दोन्ही खाते.

व्होल्ट आणि वायरचा वेग यांची वेगवेगळी नॉब, आर्क मऊ-कडक करणारं इंडक्टन्सचं नॉब, आणि ट्रिगर सोडूनही चालू राहणारी फोर-टी पद्धत एवढं हवंच. स्वतः सेटिंग जुळवणारी सिनर्जिक सोय नव्या मुलाला शिकवताना कामाची, पण ती बंद करता आली पाहिजे. पल्स, रंगीत पडदे यांवर पैसे घालण्याऐवजी एक चांगला टॉर्च आणि अर्थ क्लॅम्प घ्या. सोबत आलेला अर्थ क्लॅम्प पातळ पत्र्याचा असतो. ३०० अँपिअरचा पितळी क्लॅम्प आणि ३५ चौरस मिमी तांब्याची केबल लावली की निम्म्या तक्रारी जातात.

दुकानात काय करून बघायचं

स्वतःचे तुकडे घेऊन जा: १६ गेजचा पाईप आणि ५ मिमीची पट्टी. दोन पट्ट्यांचा टी जोड एकाच बाजूने वेल्ड करा, थंड होऊ द्या आणि उभी पट्टी वेल्डच्या दिशेने हातोड्याने पाडा. मुळाशी दोन्ही पट्ट्यांचं लोखंड फाटलेलं दिसलं पाहिजे. वेल्ड एका पट्टीवरून सोलून निघाला आणि खाली गुळगुळीत जागा दिसली, तर तो चिकटला होता, जोडला नव्हता. मिगमध्ये हा धोका रॉडपेक्षा जास्त आहे, वरून वेल्ड देखणाच दिसतो. ट्रॉलीचा हुक आणि एक्सलचे ब्रॅकेट अशा वेल्डवर सुटले तर रस्त्यावर माणसं मरतात. प्रत्येक नव्या सेटिंगला हा हातोडा मारून पाहावा.

नंतर क्लॅम्प मीटर अर्थ केबलला लावून पडद्यावरचा आकडा खरा आहे का ते बघा. मीटर डीसी करंट मोजणारा हवा, साधा एसी क्लॅम्प मीटर इथे चालत नाही. १६० वर सहा मिनिटं सलग चालवा. दुकानदार नाही म्हणाला तर कारण विचारा. सर्किट बोर्ड कुठे दुरुस्त होतो आणि तोवर बदली मशीन मिळेल का, हे बिलावर लिहून घ्या. आठवड्यात परत देणारा जवळचा दुकानदार, दोन हजारांनी स्वस्त देणाऱ्या लांबच्या दुकानदारापेक्षा बरा.

त्याच दिवशी हे सामान घेऊन ठेवा: ०.८ च्या दहा टिपा, दोन नोझल, दोन टिप होल्डर, एक निळा लायनर, युरो प्लगच्या चार रबरी रिंगा आणि ०.८ चा एक जादा रोलर. मास्क १० किंवा ११ नंबरच्या काचेचा.

पहिलं सेटिंग आणि पहिल्या तक्रारी

सीओटू आणि ०.८ वायरवर १६ गेजला १७ ते १८ व्होल्ट आणि ६० ते ८० अँपिअर. ३ मिमीला १९ ते २० व्होल्ट, ११० ते १३०. ५ मिमीला २१ ते साडेबावीस व्होल्ट, १६० ते १८०. टिपपासून जॉबपर्यंत १० ते १२ मिमी वायर बाहेर असावी. हात लांब गेला की अँपिअर आपोआप घटतो. मशीनवर अँपिअर दिसत नसेल तर ट्रिगर सहा सेकंद दाबून बाहेर आलेली वायर मोजा आणि दहाने गुणा, मिनिटाचा वेग मिळतो. ३ मिमीला तो ६ ते ७ मीटर असतो.

वायर जॉबला खटखट आपटून टॉर्च मागे ढकलत असेल तर व्होल्ट कमी आहेत किंवा वायर जास्त. वायरच्या टोकाला मोठे गोळे होऊन शिंतोडे उडत असतील तर उलट. रोलरपाशी गुंता होत असेल तर दाब वाढवू नका, आधी टिप आणि लायनर बघा. रोलरचा दाब एवढाच हवा की वायर हातमोज्याच्या चिमटीत धरली तर रोलर घसरेल. भोकं पडत असतील तर या क्रमाने बघा: सिलेंडर, हीटर, वारा, नोझलमधला कचरा, रबरी रिंग, आणि शेवटी जॉबवरचा रंग, तेल, गंज. रॉड गंजावरून थोडंफार चालवून घेतो, मिग अजिबात घेत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर जागा ग्राइंडरने चकचकीत करूनच सुरू करा.

गॅल्व्हनाइज्ड पाईपचा जस्ताचा थर आधी घासून काढा. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. बंद शेडमध्ये सीओटूच्या आर्कमधून कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, म्हणून वाऱ्याला आडोसा करताना वरची बाजू आणि मागचं दार उघडं ठेवा.